मनगटावरचा जमाखर्च

जुन्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागे. १९६९ साली जपानच्या सेइकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस काढले आणि ती यातायात सरली. बटणाएवढा सेल वर्षभर पुरू लागला. मग आजच्या स्मार्टवॉचला रोज वीज का पाजावी लागते?

जागा तेवढीच, खाणारी तोंडे मात्र वाढली. २०१५ च्या लहान ॲपल वॉचमधली बॅटरी अवघी २०५ मिलिअँपिअर-तासांची. तिच्यावर रंगीत पडदा, रेडिओ आणि नाडी पाहणारे हिरवे दिवे! कंपनीनेच आयुष्य सांगितले ते १८ तासांचे. २०१३ चे पेबल आठवडाभर चाले, कारण त्याचा काळा-पांढरा पडदा बाहेरच्या उजेडावर वाचता येई. पण त्याला नाडी कळत नसे.

२०१८ पासून ॲपलचे घड्याळ, जवळ फोन असला म्हणजे, माणूस जोरात पडल्याचे ओळखून मदतीसाठी फोन लावू शकते. वृद्धांना मला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो. पण आजोबा रात्री उठतात, तोल जातो, आणि घड्याळ असते चार्जरवर! तेव्हा ते रात्री काढू नये. अंघोळीच्या वेळीही नको. घसरायची जागा तीच. संध्याकाळी खुर्चीत वर्तमानपत्र वाचीत बसाल, तेव्हा लावावे.