टीव्ही भिंतीवर, पण भिंत कशी?



१९७२ साली मुंबई दूरदर्शन सुरू झाले तेव्हाचा अवजड संच टेबलावरच बसे. आताचा चपटा संच फिरत्या लोखंडी हातावर बसवला की ओटीकडे नाही तर माजघराकडे वळवता येतो. सोय झकास, पण आपल्या शहापूर-मुरबाडकडे आधी भिंत पाहावी.

समजा, संच दहा किलोचा. हात पन्नास सेंटीमीटर बाहेर ओढला आणि वरच्या-खालच्या बोल्टांत वीस सेंटीमीटर अंतर असले, तर वरचा बोल्ट पंचवीस किलोंच्या जोराने उपटला जातो. पहारीने धोंडा उचकटावा तसेच हे. आणि खाली पोरे बसलेली असतात!

कारवीच्या कुडावर हे बसवूच नका. शेणमातीचा गिलावा बोल्ट धरत नाही. सागाचा भरीव खांब गाठा, वाळवी नाही ना ते ठोकून बघा, खांबाच्या रुंदीत मावेल अशीच पट्टी आणा. स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडून मगच आवळा. विटांच्या भिंतीत भोक सांध्यात नको, विटेत घ्या. गिट्टी गिलाव्यातच राहिली तर व्यर्थ. वायर सैल सोडा.

संच टांगण्यापूर्वी हात पूर्ण बाहेर काढून टोकाला पंधरा किलो तांदळाची पिशवी रात्रभर लटकवा. सकाळी पट्टी जराही सुटलेली दिसली तर संच टेबलावरच बरा.