काळा पाषाण फोडून काढलेली वाट

हिंगोलीकडे विहीर खणताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो, आणि सुरुंगाशिवाय काम पुढे सरकत नाही. याच जातीचा खडक बोरघाटात १८५६ ते १८६३ या काळात रेल्वेसाठी फोडला. डायनामाइट तेव्हा नव्हते. त्याचे पेटंट १८६७ चे. हाताशी होती ती साधी बंदुकीची दारू.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांच्यापुढे खरा प्रश्न चढाचा होता. सुमारे २५ किलोमीटरमध्ये १,८३१ फूट वर जायचे, आणि चढ कुठेही ३७ फुटांना १ फुटापेक्षा जास्त ठेवायचा नाही. म्हणून रूळ डोंगराच्या कडेकडेने नेले. घळ आली की भराव किंवा पूल, सोंड आडवी आली की कटिंग, सोंड फारच उंच असली की बोगदा. असे २५ बोगदे झाले. एके जागी तर वळायलाही वाव नव्हता. तिथे गाडी थांबवून उलट दिशेने पुढे काढत.

सुरुंगाचे भोक पाडताना एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. प्रत्येक घावानंतर पहार किंचित फिरवायची, नाहीतर ती भोकात अडकते. मग भुकटी उपसून, भोक कोरडे करून दारू भरायची आणि वर माती ठासायची. ठासणी सैल राहिली तर सगळा जोर भोकाच्या तोंडातून निघून जातो, दगड जागेवरच. लोखंडी सळईने ठासले तर ठिणगी उडून ठासणाराच जायचा. वात पेटवली की पळायचे. फुटलेला दगड पुढच्या भरावात.

घट्ट पाषाणात कटिंगची भिंत जवळजवळ उभी राहते. पण दोन थरांमध्ये तांबडा, मऊ पट्टा असला की पावसाचे पाणी तिथे शिरते आणि वरचा दगड सुटतो. म्हणून माथ्यावर चर खणून पाणी बाजूला काढावे लागते. माझ्या मते घाटातले निम्मे शहाणपण या चरातच आहे.

ठेकेदार फेव्हिएलने १८५९ मध्ये काम सोडले. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे आल्यावर काही आठवड्यांतच वारला. पत्नी अ‍ॅलिसने ठेका पुढे चालवला. १८६१ मध्ये घाटात ४२ हजारांपर्यंत मजूर होते, आणि पटकीने त्यांतले कितीतरी नेले. २१ एप्रिल १८६३ रोजी मार्ग खुला झाला. चारच वर्षांनी घाटातला एक मोठा दगडी पूल कोसळला. दोष खडकाचा नव्हता, कच्च्या बांधकामाचा होता.