सांडपाण्याची नोंदवही मागा!

महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले केले; पण ठरावापुरतेच. पाणी ओंजळीत आले ते २० मार्च १९२७ रोजी, बाबासाहेबांसोबत हजारो लोक तळ्यावर गेले तेव्हा. आज त्याच महाडजवळ, सावित्री नदीच्या खोऱ्यात रासायनिक कारखाने उभे आहेत. आणि सांडपाण्याचा कायदाही असाच कागदात अडकला आहे.

कायदा दुबळा नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातील कलम ३३-अ खाली प्रदूषण नियंत्रण मंडळ कारखाना बंद करू शकते, त्याची वीज तोडू शकते. शुद्धीकरण यंत्रणा चालू नसेल तर कारखानाही चालू ठेवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०१७ रोजी बजावले आहे. मग घोडे अडते कुठे? कारखान्याला कोणत्या अटी घातल्या, हेच नदीकाठच्या माणसाला ठाऊक नसते.

कलम २५, पोटकलम ६ पाहा. या अटींची नोंदवही मंडळाने ठेवलीच पाहिजे, आणि सांडपाण्याची झळ बसणाऱ्या कुणालाही ती पाहता येते. मच्छीमार, शेतकरी, बौद्धवाडीतल्या माताभगिनी, सर्वांचा हा हक्क आहे. अट कळली तरच तिचा भंग पकडता येईल. तेव्हा मंडळाच्या कार्यालयात जा, नोंदवही मागा. हक्क नुसता लिहिलेला असून भागत नाही, तो बजावावा लागतो, हे महाडनेच शिकवले आहे.