'हॅश' म्हणावे की 'पाउंड'?
कळफलकावरील चिन्हांच्या इंग्रजी नावांचा घोळ

फोनवरून ई-मेलचा पत्ता सांगताना अक्षरांपेक्षा अधिक घोटाळा होतो तो चिन्हांचा. 'मध्ये एक आडवी रेघ आहे,' असे सांगणाऱ्याच्या मनात खालची रेघ असते आणि लिहून घेणारा मधली रेघ टिपतो. एवढ्याशा चुकीमुळे नोकरीचा अर्ज परत येतो किंवा भलत्याच व्यक्तीच्या हाती पडतो. अमेरिकी पद्धतीच्या कळफलकावर अक्षरे व अंक वगळता ३२ चिन्हे असतात. त्या प्रत्येकाला इंग्रजीत नाव आहे. मात्र काहींना एकाहून अधिक नावे आहेत आणि ब्रिटन व अमेरिकेत ती निरनिराळी आहेत.

बिलावरून ई-मेलमध्ये

'@' हे चिन्ह भारतात 'अॅट द रेट' म्हणून ओळखले जाते. या नावाचे मूळ व्यापारी हिशेबात आहे. दहा रुपये दराने पाच वह्या विकल्याची नोंद करताना 'या दराने' या अर्थी दुकानदार ते वापरीत. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी संगणकांच्या जाळ्यावरून संदेश पाठविताना व्यक्तीचे नाव आणि तिच्या संगणकाचे नाव वेगळे दाखविण्यासाठी हेच चिन्ह निवडले, कारण माणसांच्या नावात ते येत नसे. ई-मेलमध्ये दराचा संबंध उरलेला नसल्याने ब्रिटन-अमेरिकेत नुसते 'अॅट' म्हणतात. तेथील माणसाला 'अॅट द रेट' असे सांगितल्यास 'द रेट' हे शब्दही पत्त्याचाच भाग असल्याचा त्याचा समज होऊ शकतो. इतर भाषांनी या चिन्हाच्या आकारावरून नावे ठेवली. इटालियन लोकांना त्यात गोगलगाय दिसली, तर डच लोकांना माकडाची शेपटी.

एक चिन्ह, अनेक नावे

'#' या चिन्हाला भारतात ब्रिटनप्रमाणे 'हॅश' म्हणतात. अमेरिकेत मात्र दूरध्वनीवरील ध्वनिमुद्रित सूचना 'पाउंड' दाबण्यास सांगते. नवख्या माणसाला त्या वेळी ब्रिटिश चलनाचे चिन्ह आठवते आणि ते फोनवर कोठेच सापडत नाही. हा पाउंड चलनातला नव्हे, वजनातला. वजनाच्या पाउंडसाठी 'एल' व 'बी' ही अक्षरे लिहून त्यांवर आडवी रेघ देत. भराभर लिहिताना त्यांचेच '#' झाले, असे मानले जाते. अमेरिकेतील दूरध्वनी अभियंत्यांनी त्याला 'ऑक्टोथॉर्प' असेही नाव दिले. त्यातील 'ऑक्टो' म्हणजे आठ, कारण चिन्हाला टोके आठ. २००७ मध्ये ख्रिस मेसिना यांनी ट्विटरवर विषयवार चर्चेसाठी हे चिन्ह वापरण्याची सूचना केली. पुढे 'हॅशटॅग' हा शब्द रूढ झाला आणि अमेरिकेतही 'हॅश' परिचयाचा झाला.

कंस आणि रेघा

ब्रिटिश इंग्रजीत नुसते 'ब्रॅकेट' म्हटले की साधा गोल कंस समजतात. अमेरिकेत त्याच शब्दाने चौकटी कंस समजला जातो. तेथे गोल कंसाला 'पॅरेन्थिसिस' आणि महिरपी कंसाला 'ब्रेस' म्हणतात. वाक्याच्या शेवटचा ठिपका ब्रिटनमध्ये 'फुल स्टॉप', अमेरिकेत 'पीरियड' आणि संकेतस्थळाच्या पत्त्यात सर्वत्र 'डॉट' असतो.

तिरक्या रेघांतही भेद आहे. वरचे टोक उजवीकडे झुकलेली '/' म्हणजे 'स्लॅश'. जुन्या वळणाच्या ब्रिटिश इंग्रजीत तिलाच 'ऑब्लिक' किंवा 'स्ट्रोक' म्हणतात. वरचे टोक डावीकडे झुकलेली '\' म्हणजे 'बॅकस्लॅश'. संकेतस्थळाच्या पत्त्यात पहिली लागते, तर विंडोजमध्ये फाइलचे ठिकाण दाखविताना दुसरी. ओळीच्या मध्यावरची '-' ही 'हायफन' आणि तळाची '_' ही 'अंडरस्कोअर'. टंकलेखन यंत्रावर शब्द अधोरेखित करण्यासाठी तळाची रेघ वापरली जाई. आज अधोरेखित छापलेल्या पत्त्यात हीच रेघ झाकली जाते आणि तेथे मोकळी जागा असल्याचा भास होतो.

'&' या चिन्हाचे 'अँपरसँड' हे नावही गमतीदार आहे. लॅटिनमध्ये 'आणि' या अर्थाच्या 'एत' शब्दातील दोन अक्षरे जुळून हे चिन्ह बनले. इंग्रजी मुळाक्षरे म्हणताना मुले शेवटी 'अँड, पर से अँड' असे म्हणत. त्याचाच हा अपभ्रंश.

मराठीत विरामचिन्हे रुजविण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातील मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांना पूर्णविराम, स्वल्पविराम अशी नावे मिळून ती शाळाशाळांत पोहोचली. '@', '#' किंवा '_' यांना मात्र बोलण्यात रुळलेले मराठी नाव अद्याप नाही. म्हणूनच पत्ता सांगताना चिन्हाचे नाव आणि आकार दोन्ही सांगावे: 'अंडरस्कोअर, म्हणजे तळाची रेघ'. शेवटी समोरच्याकडून तो एकदा वाचून घ्यावा, म्हणजे चूक तेथल्या तेथे लक्षात येते.