वरूडची बाग किती हेक्टर?

सकाळी ९.३०. प्रयोगशाळेत सोळा संगणक, त्यातले अकरा चालू. अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात आज नकाशा प्रक्षेपणाचं प्रात्यक्षिक.

१०.००. नेट बंद. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरचं त्यावाचून अडत नाही. खाली निर्देशांकांच्या चौकटीत इंग्रजीत 'वर्ल्ड' लिहून एंटर दाबलं की जगाचा नकाशा हजर. प्रक्षेपण ३८५७ केलं. मोबाइलवरच्या नकाशांचं वेब मर्केटर ते हेच. ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसू लागलं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड मावतात, आपला भारतच ग्रीनलंडच्या दीडपट आहे. यात नकाशाकार मर्केटरचा दोष नाही. त्याने १५६९मध्ये नकाशा काढला तो खलाशांसाठी. होकायंत्राची एकच दिशा धरून जायचं तर कागदावर सरळ रेघ मिळावी म्हणून. त्यापायी साठाव्या अक्षवृत्तावर क्षेत्र चौपट फुगतं.

११.१५. अमरावतीभोवती ५० किलोमीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचा घेर, काढायला सांगितला. एकाचं वर्तुळ सुदानपासून चीनपर्यंत! थर अक्षांश-रेखांशाच्या ४३२६ प्रणालीत, म्हणजे एकक अंश. शेजारी 'डिग्रीज' लिहिलेलं असतं, पिवळा त्रिकोणही असतो, वाचतो कोण? ही चूक मी दरवर्षी होऊ देतो.

१२.३०. जर्नलं तपासली. शंकू प्रक्षेपण अजून कंपासने काढून घेतो. एकदा तरी हात दुखायला हवा.

२.१५. नेट आलं. वरूडच्या मुलीने उपग्रहचित्रावर घरची संत्र्याची बाग आखली. मोजपट्टी 'कार्टेशियन'वर, म्हणजे सपाट वेब मर्केटर नकाशावरच मोजणारी होती. उत्तर आलं २.३ हेक्टर.

"सर, सातबाऱ्यावर तर दोनच आहे. बाबांना सांगू का, बाग वाढली म्हणून?"

वर्ग हसला. ग्रीनलंडने जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तीस आरने शिरलं. आपल्याकडे एकविसाव्या अक्षांशावरही वेब मर्केटर क्षेत्र पंधरा-सोळा टक्क्यांनी फुगवतं.

३.००. आता पट्ट्यापट्ट्यांचं यूटीएम प्रक्षेपण. मुलांनी सवयीने ४३वा पट्टा निवडला. अमरावती शहर त्यातच येतं, पण ७८ अंश पूर्व रेखावृत्त आमच्या जिल्ह्यातून जातं आणि वरूड त्याच्या पलीकडे, ४४व्या पट्ट्यात. तिने त्या पट्ट्याचं ३२६४४ निवडून पुन्हा मोजलं.

२.०० हेक्टर.