निळी की पांढरी? जनुक बसलेला जिवाणू रंगावरून कसा ओळखतात?

ई. कोलाय जिवाणूत नवं जनुक घालताना ते आधी प्लाझ्मिड या डीएनएच्या छोट्या वर्तुळात जोडतात. पण दरवेळी ते जोडलं जातंच असं नाही. मग योग्य जिवाणू शोधायचे कसे?

पीयूसी-१९ सारख्या प्लाझ्मिडवरच्या लॅक-झेड जनुकामुळे जिवाणूत एक एन्झाइम काम करू लागतं. पेट्री डिशमधल्या रंगहीन एक्स-गलचं ते विघटन करतं आणि वसाहत निळी होते. नवं जनुक नेमकं लॅक-झेडच्या मधे बसवतात. ते बसलं की एन्झाइम निकामी होतं आणि वसाहत पांढरी राहते. प्लाझ्मिडच न मिळालेले जिवाणू अँपिसिलिनमुळे वाढत नाहीत.

म्हणून पांढऱ्या वसाहती निवडतात. मात्र चुकीचा डीएनए तुकडा बसला तरी रंग पांढराच! त्यामुळे पीसीआर किंवा सिक्वेन्सिंग करून खात्री करावीच लागते.