वळिवाआधीची दुपार सांभाळा

बेळगावला गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात. त्यामुळे आमच्या येळ्ळुरात उन्हाळ्याची धास्ती फारशी कुणी घेत नाही. एप्रिलमध्ये पारा ३६ अंशांच्या आसपास गेला, तरी सूर्य कलल्यावर वारा सुटतो आणि दुपारचं सगळं विसरायला होतं. पण दारच्या कुत्र्या-मांजरांना इथली एक वेळ फार कठीण जाते. ती म्हणजे वळीव यायच्या आधीची दुपार. आभाळ भरून आलेलं, वारा पडलेला, अंग नुसतं चिकचिकतंय. ऊन नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, आणि जनावर त्याच वेळी हातचं जातं.

आपल्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला तो मुख्यतः पंजाच्या गाद्यांनाच सुटतो, आणि त्यानं अंग काही निवत नाही. त्याची सगळी भिस्त लाहकण्यावर. जिभेवरची, नाकातोंडातली ओल उडते आणि तिच्याबरोबर अंगातली उष्णता बाहेर जाते. हवाच दमट असली की ओल उडत नाही. लाहकणं वाढतं आणि त्या श्रमानं अंग आणखी तापतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या पुढे गेलं की मेंदू, मूत्रपिंडं, आतडी धोक्यात येतात. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना आणि पर्शियन मांजरांना हा त्रास लवकर होतो.

आमचा मोत्या भाताच्या शिवारात राखणीला असतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी माणूसही थांबू शकत नाही, म्हणून त्याची जागा चिंचेखाली. पण सावली सरकते. सकाळी बुंध्याच्या पश्चिमेला असलेली सावली दुपारी तीनला पूर्वेला गेलेली असते. साखळीतलं कुत्रं तिच्यामागे जाऊ शकत नाही, म्हणून मोत्या मोकळा. पाण्याला मातीचा परळ अर्धा जमिनीत पुरलाय. तो कलंडत नाही आणि जर्मनच्या ताटासारखा तापतही नाही. पाळलेल्या जनावराला पुरेसं पाणी आणि निवारा न देणं, आखूड साखळीनं तासन्‌तास जखडून ठेवणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

मुधोळचं कुत्रं उन्हाला दाद देत नाही, असं आमच्याकडं बरेच जण मानतात. ते शिडशिडीत, आखूड केसांचं खरंच. पण पळून अंग तापतं ते कुठल्याही जातीचं. राजहंसगडाच्या चढावर न्यायचं तर उजाडताना न्यावं. डांबरी रस्त्यावर आधी आपल्या हाताची मागची बाजू टेकवून बघावी; सात सेकंद सोसवली नाही, तर त्याच्या पंजांनाही सोसणार नाही. बंद गाडीत तर पाच मिनिटंही ठेवू नये. बाहेर २४ अंश असताना आत अर्ध्या तासात ४३ होतात.

मांजर अंग चाटून, लाळेच्या ओलीनं स्वतःला गार ठेवतं. ते सहसा लाहकत नाही. तोंड उघडून लाहकू लागलं, तर लगेच दवाखाना गाठावा. मांजरी पत्र्याखालच्या माळ्यावर पिलं घालतात. उन्हाळ्यात ती पिलं, आईच्या देखत, खालच्या गार खोलीत आणावीत.

जीभ लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या, वांती, अशी लक्षणं दिसली तर आधी गार करायचं, मग हलवायचं. सावलीत घेऊन विहिरीचं किंवा नळाचं पाणी अंगभर ओतत राहा आणि वारा घाला. ओलं पोतं अंगावर टाकून ठेवू नका. ते गरम होतं आणि वारा अडवतं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी तर मुळीच देऊ नका. हा ताप नव्हे, आणि पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

जनावर उठून चालायला लागलं तरी डॉक्टरांना दाखवाच, कारण मूत्रपिंडाची इजा एक-दोन दिवसांनी उघडी पडते. पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे. तो आजच फोनमध्ये घालून ठेवा.